ब्लँकेटं पुरे झाली : सीमाभागातल्या रायडर मंडळींना खुलं पत्र

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, चिक्कोडी, निपाणीच्या, आणि नंबरप्लेट वेगळी असली तरी रविवारी आपल्यातच असणाऱ्या चंदगड-गडहिंग्लजच्या सगळ्या रायडर मंडळींना नमस्कार.

परवा रात्री आठच्या सुमाराला बेळगावच्या उद्यमबागेतलं शॉप बंद करून निघालो आणि खानापूर रोडवर यंदाचा पहिला उसाचा ट्रॅक्टर दिसला. दिसला म्हणजे आधी ऐकू आला. टपावर दोन भोंगे, गाणं फुल्ल, पुढं निळ्या-हिरव्या एलईडीच्या माळा, बंपरवर देवीचं नाव. मागं उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या, आणि शेवटच्या ट्रॉलीच्या मागं काहीच नाही. ना दिवा, ना रिफ्लेक्टर, ना एखादं लाल फडकं. पुढं ट्रॉली आहे हे मला माहीत होतं, गाणं कानावर आदळत होतं, तरी तो मच्छेजवळ वळेपर्यंत माझी बोटं ब्रेकवरून सुटली नाहीत.

कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला. आपलाही त्याच दिवसांत सुरू होतो. पावसाळ्यात आंबोलीला नाहीतर चोर्ल्याला भिजायला जातो ती गोष्ट वेगळी, पण लांबच्या राइड आपण दिवाळीनंतरच ठेवतो. ग्रुपवर चर्चाही रंगलीय. गावात वाटायला ब्लँकेटं किती घ्यायची, २५ तारखेला सांता कोण होणार, ३१ ला कॅम्पात ‘ओल्ड मॅन’, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळून मग निघायचं की दुपारीच गोवा गाठायचा. या चर्चेत मी गप्प आहे हे काही जणांच्या लक्षात आलं. एकानं तर विचारलं, ‘काका, बुलेट विकली काय?’ विकली नाही. गप्प का आहे ते लिहितो, त्या बिनदिव्याच्या ट्रॉलीशीच त्याचा संबंध आहे. क्लबच्या बैठकीत बोललो असतो, पण तिथं चहा येईपर्यंतच माणसं ऐकतात. शिवाय ही गोष्ट एका क्लबपुरती नाही.

गेल्या जानेवारीत आम्ही बेचाळीस गाड्या घेऊन खानापूर तालुक्यातल्या जंगलातल्या एका गावी ब्लँकेटं वाटायला गेलो होतो. वाटून झाली, फोटो झाले, जांबोटीला जेवण झालं. जेवणात दोन तास गेले. त्या दिवशी लीड मी होतो, त्यामुळं ते दोन तास माझ्या खात्यावर आहेत. बेळगावात सगळे पांगले तेव्हा दिवस मावळायला आला होता. आमच्यातल्या एका पोराला चिक्कोडीला घरी जायचं होतं आणि मलाही तिथं बहिणीकडं मुक्कामाला जायचं होतं, म्हणून आम्ही दोघं निघालो. हायवेला काही त्रास नव्हता. संकेश्वर सोडून चिक्कोडीच्या रस्त्याला लागलो तेव्हा पुरता अंधार पडला होता.

मी पुढं, तो मागं. समोरून एक टेम्पो आला. त्याच्या उजेडात मला रस्त्याच्या डाव्या अंगाला एक काळा ढीग दिसला. क्षणभरच. टेम्पो गेल्या गेल्या मी गाडी उजवीकडं घातली आणि सुटलो. यात माझी कसली हुशारी नाही, टेम्पो दोन सेकंद आधी आला असता तर हे पत्र लिहायला मी नसतो. मागच्या पोराला तो ढीग दिसलाच नाही. टेम्पोचे दिवे डोळ्यांत गेल्यावर पुढचे काही क्षण माणूस आंधळाच असतो, आणि नेमक्या त्या क्षणांत तो ट्रॉलीवर गेला.

एक्सल तुटून उभी राहिलेली ट्रॉली. ड्रायव्हरनं मागं दहा-बारा फुटांवर तीन दगड मांडून ठेवले होते, एवढाच काय तो इशारा. ड्रायव्हर अथणीकडचा, वीस-बावीस वर्षांचा पोरगा. मी हेल्मेट काढायच्या आधीच हात जोडून उभा. ‘होडीबेड्री सावकार, होडीबेड्री,’ एवढंच म्हणत होता. मारू नका, मारू नका. त्याला मारायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. पण आपल्या रस्त्यांवर आधी काय होतं हे त्या पोराला अनुभवानं माहीत असणार.

बाजूच्या रानात ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, होत्या. आवाज ऐकून माणसं बॅटऱ्या घेऊन धावली. बीडकडची टोळी. एका बाईनं येता येता कोपीतली वाकळ ओढून आणली होती. ती पोरावर घातली आणि म्हणाली, ‘हलवू नका त्याला. झाका आधी, गारठलंय लेकरू.’ मांडीचं हाड मोडलेला माणूस थंडीनं आणि धक्क्यानं कसा कापतो हे त्या बाईला माहीत होतं. मला, पंचवीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला, सुचलं नव्हतं. सकाळी एकशे चाळीस ब्लँकेटं आम्ही घेऊन गेलो होतो आणि संध्याकाळी आमच्यातल्या एकावर घालायला आमच्याकडं एकही नव्हतं.

पोरगा बरा आहे. मांडीत रॉड आहे, मनगट अजून पूर्ण वळत नाही, आणि डोकं शाबूत आहे ते आयएसआयच्या हेल्मेटमुळं. हे पत्र त्याला आधी वाचून दाखवलंय. त्यानं एकच दुरुस्ती सांगितली : ‘काका, मी सत्तरच्या वर नव्हतो हे लिवा.’ लिहिलं.

त्यानंतर मी हिशेबाला बसलो. लेथवर काम करणाऱ्याला ही खोड असतेच. एकशे चाळीस ब्लँकेटं, प्रत्येकी दोनशे साठ रुपये, म्हणजे छत्तीस हजार चारशे. बॅनर अठराशे. बेचाळीस गाड्यांचं जाऊन-येऊन एकशे तीस किलोमीटरचं पेट्रोल, लिटरला पस्तीसचं ॲव्हरेज धरलं तर दीडशे लिटरच्या पुढं, म्हणजे आणखी सोळा हजार. नाश्ता-जेवण वेगळं. ब्लँकेट ज्याच्या हातात पडलं त्याच्यापेक्षा ते द्यायला जाणाऱ्यांवरच जास्त खर्च झाला असावा अशी मला शंका आहे. पुढची बेरीज मी मुद्दामच केली नाही.

बॅनरची गोष्ट तर सांगायलाच नको. बैठकीतला निम्मा वेळ कन्नड वर की मराठी वर यातच गेला. शेवटी दोन्ही लिहिलं आणि मधे क्लबचं चिन्ह एवढं मोठं टाकलं की दोन्ही भाषा कोपऱ्यात गेल्या. तेवढा मात्र खरा समन्वय झाला.

त्या गावात एका आजीच्या हातात ब्लँकेट दिलं. तिनं ते चाचपून बघितलं, फोटो होईपर्यंत धरलं आणि मग मला बाजूला बोलावलं. ‘कांबळी हाईत रे बाबा आमच्याकडं. थंडी आमाला नवी न्हाय, चुलीपुढं निजतो. पावसात माणूस आजारी पडलं की खुर्चीला बांबू बांधून खांद्यावर घेऊन रस्त्याला आणतोय. तवा तुमच्या गाड्या येत न्हाईत काय?’ मी हसलो. उत्तर नसलं की माणूस हसतो तसा. भीमगड अभयारण्यातल्या वाड्या-वस्त्यांची पावसाळ्यातली गत आपल्याला ठाऊक आहे, दरवर्षी पेपरात वाचतोच. रस्ता करून देणं आपल्या हातात नाही. पण हिवाळ्यात कोरड्या रस्त्यानं जाऊन, त्या बाईकडं आधीच असलेली वस्तू तिच्या हातात देऊन, आपण तिच्यावर उपकार केले असं समजणं तरी आपल्या हातातलं आहे, ते थांबवू.

आणि जंगलात शिरताना फटाका सायलेन्सर. मित्रांनो, त्या अभयारण्यात बारापेडेच्या गुहा आहेत. तिथल्या वटवाघळाची जात जगात फार थोड्या ठिकाणी सापडते, तिच्यासाठी बाहेरून अभ्यासक येतात. आपण कानठळ्या बसवणारे आवाज काढत जातो. गेल्या वर्षी सांताच्या कपड्यातला आपला गडी बुलेटवरून उतरला तेव्हा शाळेतलं सगळ्यात लहान पोर भोकाड पसरून बाईंच्या पदराआड गेलं. आवाजाला भ्यालं की दाढीला, ते कळलं नाही. सांता मात्र बिचारा घामाघूम झाला होता, त्याचं मला वाईट वाटलं. अनाथाश्रमातला नाताळ आणि रक्तदान चालू राहू दे, त्यात माझं काही म्हणणं नाही. तिथली माणसं आपल्याला बोलावतात, काय पाहिजे ते सांगतात आणि आपण तेवढंच नेतो.

खरी थंडी कुणाला वाजते ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, फक्त थांबला नाहीत. उघड्या रानात, उसाच्या पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कोपीत, खाली ओली जमीन. पहाटे तीन-चारला उठून कोयता घेणारी माणसं. निपाणीपासून कागवाडपर्यंत आणि हुक्केरीपासून रायबागपर्यंत आपण याच कोप्यांवरून ऐंशीच्या वेगानं जातो, लांब जंगलात ब्लँकेटं वाटायला. द्यायचीच असतील तर तिथं द्या. पण मी आज मागतोय ते वेगळंच.

मी मागतोय लाल पट्ट्या.

थोडं गणित सांगतो, कंटाळू नका. ऐंशीच्या वेगात गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. आपल्या डिपरचा, म्हणजे खाली मारलेल्या हेडलाइटचा, कामाचा उजेड तीस-चाळीस मीटर. समोर काहीतरी आहे हे डोळ्याला दिसून, ते काय आहे हे डोक्याला कळून, बोटं ब्रेकवर दाबली जाईपर्यंत दीड सेकंद धरा. तेहतीस मीटर तिथंच गेले. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होते तेव्हा उजेड जवळजवळ संपलेला असतो. थंडीत बोटं आखडलेली असली तर दीडचे दोन सेकंद होतात. तीच ट्रॉली, पण मागं चांगली रिफ्लेक्टिव्ह पट्टी असेल तर दीड-दोनशे मीटरवरून डोळ्यात भरते. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. नियमच तसा आहे, एआयएस-०९० असं त्या पट्टीवर छापलेलंही असतं. पट्टी घेताना तो छाप बघून घ्या. खेळण्यांच्या दुकानातली चकचकीत टेप चालत नाही, ती दिवसाच चमकते.

आता यातली मेख. बऱ्याच ट्रॉल्यांच्या फाळक्याला, म्हणजे मागच्या झडपेला, रिफ्लेक्टर असतो. नसतो असं नाही. पण उसाच्या मोळ्या फाळक्याच्या वरून मागं दोन-तीन फूट लोंबतात, त्यामुळं तो रिफ्लेक्टर वाढ्यांच्या, उसाच्या शेंड्यांच्या, आड जातो. रिकामी ट्रॉली दिसते, भरलेली दिसत नाही. हे मला त्या रात्रीनंतर चार-पाच ट्रॉल्यांच्या मागं बॅटरी मारून बघितल्यावर कळलं. पट्टी ट्रॉलीला लावून उपयोग नाही, उसाला लावायला पाहिजे.

म्हणून मी शॉपमध्ये पत्र्याच्या पाट्या केल्या. दोन फूट लांब, सहा इंच रुंद, कडा मुडपलेल्या, वर साखळी आणि आकडा, दोन ओळी लाल टेप. फार खूश होतो. एका कारखान्याच्या यार्डात घेऊन गेलो तर तिथल्या मुकादमानं पाटी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि विचारलं, ‘ही उसाबरोबर गव्हाणीत गेली म्हंजे?’ गव्हाण म्हणजे ऊस गाळपाला आत जातो ती जागा. मी गप्प. ‘लोखंड आत गेलं तर नाइफ जातात साहेब, कारखाना थांबतो. मग तुमी यार्डात दिसला तर आमी काय करू?’ काय करतील ते त्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. वीस वर्षं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणाऱ्याला ऊस शेवटी कुठं जातो हे लक्षात राहिलं नाही.

दुसरी आवृत्ती ताडपत्रीची. तीन फूट लांब, आठ इंच रुंद पट्टी, त्यावर टेप चिकटवून वरून शिवलेली, कारण नुसती चिकटवलेली टेप ताडपत्रीवर आठ दिवस टिकत नाही. चार कोपऱ्यांना रिंगा, रिंगांत नायलॉनची दोरी. ऊस भरून झाला की शेवटच्या ट्रॉलीच्या मागच्या मोळ्यांना बांधायची. यार्डात नंबर लागला की सोडून सीटखाली टाकायची. रिकामी ट्रॉली परत निघाली की फाळक्याला. चुकून गव्हाणीत गेलीच तर उसाबरोबर चिरडून जाईल, कुणाच्या पोटावर पाय येणार नाही. शिवाय दोन्ही ट्रॉल्यांच्या बाजूच्या लोखंडी चॅनेलला पिवळी टेप, कारण रात्री रस्ता आडवा ओलांडताना ट्रॉली मागून नाही, बाजूनं दिसायला लागते. आपल्या शिवारातनं हायवेला येणाऱ्या वाटा आठवून बघा. चॅनेल आधी थिनरनं पुसायचा, कोरडा होऊ द्यायचा, मग टेप. धुळीवर लावली तर धूळच पट्टी घेऊन उडून जाते.

गेल्या फेब्रुवारीत अशा अकरा केल्या. हंगाम संपताना चौकशी केली तर सहा शाबूत होत्या, तीन हरवल्या, एक ड्रायव्हरनं सीटवर अंथरली होती. अकरावी एका बहाद्दरानं ट्रॅक्टरच्या पुढं, एलईडीच्या माळेखाली बांधली होती. ‘हितं ब्येस दिसतंय की काका.’ होय, दिसतंय खरं. तरी अकरातल्या सहा राहिल्या, मला हे प्रमाण चांगलं वाटतं. आमच्या क्लबच्या जॅकेटांचं प्रमाण यापेक्षा वाईट आहे.

एका ट्रॅक्टरला सगळं धरून दीडशे रुपयांच्या आत खर्च येतो. गेल्या वेळच्या नुसत्या ब्लँकेटांच्या पैशांत दोनशे चाळीस ट्रॅक्टर होतात. बैलगाड्या तर याहून स्वस्त. टायरगाडीला मागं एक छोटी पट्टी आणि जुवाला पुढून पांढरी टेप, बस्स. बैलगाडी समोरून आली तरी कळत नाही, डोळे चमकले तर बैलांचेच. माघात चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला गाड्याच गाड्या असतात रस्त्याला, रात्रीच्याही चालतात. त्यांनाही हे लागू.

‘हे आरटीओचं काम आहे, कारखान्यांचं काम आहे,’ असं कुणीतरी म्हणणारच. आहे की. कोण नाही म्हणतंय? कारखान्यांनी तोडणी-वाहतुकीचा करार करतानाच पट्टी सक्तीची केली तर आपल्याला हे करायलाच नको, आणि तसं निवेदन मी कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहून ठेवलंय. सह्या करा. पण डिसेंबरातलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये भरतं तेव्हा अख्खं बेळगाव बंदोबस्तात असतं. त्या दिवसांत ट्रॉलीच्या दिव्याकडं कोण बघणार? निवेदन आपल्या गतीनं जाऊ दे, आपण आपल्या.

अधिवेशनावरून आठवलं. त्या दहा-बारा दिवसांत सीमावाद तापतो आणि कोल्हापूर पासिंगच्या एमएच-०९ वाल्या मित्रांना जीव मुठीत धरून आत यावं लागतं. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले ते कोण विसरलं नाही. तेव्हा अधिवेशन चालू असताना राइड ठेवायची नाही असं मी सुचवतो. आपल्यात बेळगावची केए-२२, चिक्कोडीची केए-२३ आणि एमएच-०९ एका रांगेत चालतात, आणि धाब्यावर बिल कुठली प्लेट देते यावरून आजवर भांडण झालेलं नाही. उलट सगळ्याच प्लेट्स त्या वेळी फोनवर बोलत बाहेर जातात.

राइडच्या वेळेबद्दल थोडं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं सूर्य सहा ते साडेसहाच्या दरम्यान जातो. साडेपाचला शेवटची गाडी हायवेला लागलेली पाहिजे, जेवण अर्धं टाकून उठावं लागलं तरी. गोकाक, सौंदत्ती, बागलकोट रस्त्याला जाताना आणखी एक गोष्ट : सकाळी पूर्वेला जाताना सूर्य डोळ्यांत, संध्याकाळी पश्चिमेला येताना पुन्हा डोळ्यांत. दोन्ही वेळा आपणच आंधळे. चोर्ला-आंबोलीला उलटं, सूर्य पाठीला असतो, म्हणून आपल्याला सगळं छान दिसतं आणि समोरच्या ड्रायव्हरला आपण दिसत नाही. म्हणून दिवसाही हेडलाइट चालू. हवा सकाळी थंड टायरला बघा, उन्हात तापलेल्या टायरला बघून उपयोग नाही. आणि वळणावर सांडलेल्या उसाच्या कांड्यांवर पुढचं चाक घालू नका, कांडी गोल असते, चाकाखाली बेअरिंगसारखी फिरते. कापडी हातमोजे घालून थंडी अडवतो म्हणणाऱ्यांना मी काही सांगत नाही, जांबोटीच्या पुढं त्यांची बोटंच सांगतील.

पुण्या-बेंगळुरूकडून शनिवार-रविवार इकडं येणाऱ्या क्लबांनाही विनंती आहे. जानेवारीत गोकाकचा धबधबा बघायला येऊन नुसता कडा बघून नाराज होऊ नका, तिथं यायचं ते पावसाळ्यात. हिवाळ्यात हलशीचं कदंबांच्या काळातलं मंदिर बघा, कित्तूरचा किल्ला बघा, कणकुंबीला मलप्रभा जिथून निघते तिथं जाऊन या. २६ जानेवारीला नंदगडला या, १८३१ साली त्याच तारखेला संगोळ्ळी रायण्णाला तिथं फाशी दिली, त्याची समाधी आहे. कुंदा घेऊन जा. फक्त अंधार पडल्यावर आतल्या रस्त्यांनी शॉर्टकट मारू नका. मॅप पंधरा मिनिटं वाचवतो म्हणतो, पण ट्रॉली कुठं बंद पडलीय ते त्याला माहीत नसतं.

आणि अपघात दिसला तर थांबा. त्या रात्री दोन गाड्या आमच्याजवळ हळू झाल्या आणि निघून गेल्या. ‘केस होईल’ ही भीती असते, मला समजतं. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १३४ए कलम आहे : चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेची किंवा मृत्यूची दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. प्रत्येक गाडीवर एक जाडसर चादर ठेवा. ब्लँकेटच ठेवा म्हणा हवं तर.

आता कार्यक्रम. हुक्केरी-चिक्कोडी पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांशी माझं बोलणं झालंय. रविवारी यार्डात यायला त्यांची तोंडी हरकत नाही. ट्रॉल्या तिथं नंबर लागेपर्यंत तास-तास उभ्या असतात, ड्रायव्हर खालीच झोपलेले असतात, त्यामुळं कामाला जागा आणि वेळ दोन्ही आहे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसातला गोगटे सर्कलला जमू. पंधरा गाड्या पुरे, बेचाळीस नकोत. निपाणीवाल्यांनी तवंदी घाट ओलांडून परस्पर यावं. बॅनर नाही. फोटो काढायचाच तर पट्टीचा काढा, रात्री, डिपर मारून, किती लांबून दिसते ते कळेल. बरोबर कैची, थिनर, जुनी फडकी आणि दाभण. ताडपत्रीच्या दोनशे पट्ट्या माझ्या शॉपमध्ये शिवून तयार असतील. तीन वाजता आवरायचं आणि उजेडात घरी. त्यानंतर अधिवेशनाचे दिवस सोडून दर रविवारी दुसरा क्लब, दुसरा कारखाना. निपाणी, अथणी, खानापूरवाल्यांनी आपापल्या भागातला बघावा. ड्रायव्हरशी बोलताना ‘अण्णा’ म्हणा, कन्नड येत नसेल तरी तेवढं येतं सगळ्यांना. पट्टी का लावतो ते सांगायला जाऊ नका. त्यांना ते आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तेच रात्रभर त्या रस्त्यावर असतात.

मी येताना ती वाकळ घेऊन येणार आहे. त्या रात्री पोराबरोबर ती टेम्पोतनं दवाखान्यात गेली आणि माझ्याकडंच राहिली. बायकोनं दोनदा धुतली, एका कोपऱ्यातला डाग काही गेला नाही. चार दिवसांनी परत द्यायला गेलो तर रान रिकामं होतं, टोळी पुढच्या फडावर गेली होती. यंदा ती टोळी याच भागात उतरलीय असं यार्डातला मुकादम म्हणाला. कुठल्या फडावर, ते तिथं गेल्यावर कळेल.

आपला,
उद्यमबागेतला एक लेथवाला

ता. क. : दाभण प्रत्येकानं आपापलं आणावं. माझ्याकडं दोनच आहेत आणि त्यातलं एक वाकडं आहे.